दीड-दोन वर्षांच्या मुलाचा घरी फोटो: बसवून काढावा की खेळू द्यावं?

उनाडवारा
मुलाला स्टुलावर बसवायचं, मागे चादर ताणायची आणि चौघांनी टाळ्या पिटत "इकडे बघ, हस ना" म्हणून ओरडायचं, हे थांबायला हवं असं माझं ठाम मत आहे. त्यातून मिळतात फक्त दाखवलेले दात आणि गोंधळलेले डोळे. डब्याला झाकण बसवताना मूल जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढतं, भुवया आक्रसतं, श्वाससुद्धा रोखून धरतं. तो चेहरा सांगून मिळत नाही. मी खेळणी खिडकीजवळ मांडते आणि जमिनीवर पालथी पडते, म्हणजे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. उभ्याने वरून काढलं की डोकं मोठं, पाय आखूड, आणि खाली बघत असेल तर डोळे गायबच.

सईची आई
अजिबात पटलं नाही. खेळतानाचे फोटो ढीगभर असतात, सगळ्यांत मान खाली. आजीला भिंतीवर लावायला नात आपल्याकडे बघतेय असा एक तरी हवा असतो, आणि तो आपोआप मिळत नाही.

काळापांढरा
भाव मान्य, पण उजेडाचं काय? खिडकीपाशी जो असतो तो खोलीच्या मध्यात नसतो. मूल तिकडे पळालं की शटर (म्हणजे उजेड आत घ्यायला तो उघडा राहतो तो वेळ) १/६० सेकंदावर येतो आणि हात, पापण्या सगळं हलतं. पळणाऱ्या मुलाला १/५०० तरी हवा. बसलेल्याचं १/२०० वरही भागतं. खिडकी एका बाजूला येईल असं बसवा, ऊन थेट येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा आणि घरातले दिवे बंद करा. नाहीतर अर्धा गाल पिवळा, अर्धा निळसर. बसवणं म्हणजे जबरदस्ती नव्हे.

उनाडवारा
@काळापांढरा, पडद्याचं बरोबर. पण शटरसाठी मुलाला का बांधून ठेवायचं? आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ३२०० करा. फोटोत दाणे आले तर येऊ देत, ते नंतर कमी करता येतात. हललेला डोळा कशानेच सुधारत नाही.

फोनवाला बाबा
आमच्याकडे फोनच आहे, त्यामुळे एक भर. मुख्य लेन्सने अगदी जवळून काढलं की नाक फुगतं आणि कान मागे जातात. दोन पावलं मागे सरून दुप्पट झूम करा. मागचं सगळं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मी बंदच ठेवतो, भुरभुरत्या केसांच्या कडा खातो तो.

सईची आई
@उनाडवारा, नजर हवी म्हणजे टाळ्या हव्यात असं कुठे म्हटलं मी? मी कॅमेरा तोंडासमोर धरून लपते, मग हनुवटीपर्यंत खाली घेते आणि "भोऽक!" करताना बटण दाबून धरते, सलग फोटो निघतात. ती लेन्सकडे नाही, माझ्याकडे बघते. फोटोत तेच दिसतं, आणि मला तेच हवंय.

उनाडवारा
भोऽक चालेल, तो खेळच झाला. स्टुलाला मात्र विरोध कायम. एवढ्याशा मुलाला उंचावर बसवलं की ते अंग चोरतं आणि खांदे वर चढतात. शिवाय पडायची भीती. बसवायचंच तर जमिनीवर, पाठीला उशी देऊन बसवा.

काळापांढरा
जमिनीवर चालेल, पण खिडकीची चौकट उंच असेल तर खाली उजेड पोचत नाही. तिथे गादीची जाड घडी घाला.