काच वाहते म्हणे!

यॉर्कफिरस्ता: इंग्लंडमधलं यॉर्क मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं कॅथेड्रल, बघून आलो. पूर्वेची प्रचंड रंगीत काचेची खिडकी जॉन थॉर्नटन या कारागिराची, १४०५ ते १४०८ मधली. काच शतकानुशतकं हळूहळू खाली वाहते म्हणून जुन्या काचा तळाशी जाड असतात. आणि त्यांच्यावरचे खड्डे हे कारखान्यांच्या धुराचं पाप, मुळात तेव्हाची काच आजच्यापेक्षा पक्की होती.

राखुंडी: झोपायला चालले होते पण हे वाचून राहवेना. पक्की कसली? काचेत घालायचा इजिप्तचा नेट्रॉन (नैसर्गिक सोडा) मिळेनासा झाल्यावर उत्तर युरोपात बीच झाडाची राख वापरायला लागले. १२व्या शतकात कारागिरीवर पुस्तक लिहिणारा थिओफिलस सांगतो, दोन भाग राख, एक भाग वाळू. म्हणजे पोटॅश (राखेतला पोटॅशियमचा क्षार) आणि चुना भरमसाट, वाळूतली सिलिका बरेचदा ५०-६० टक्के, आजच्या खिडकीच्या काचेत ती ७०च्या वर असते. अशा काचेवर ओल बसली की पोटॅशियम-कॅल्शियम बाहेर, हायड्रोजन आत, वर सिलिकाचा सच्छिद्र थर, तो वाळला की तडकतो, मग खड्डे. धूर नसता तरी झालं असतं.

काचवाला_सांगली: ताईंचं बरोबर आहे. आमच्या गोडाऊनमध्ये पावसाळ्यात दोन काचांमधे कागद नसला की ओल धरून पांढरट डाग पडतात, कितीही घासा जात नाहीत. ट्रान्सपोर्टवाला भिजलेला माल टाकून जातो आणि गिऱ्हाईक आमच्यावर ओरडतं! एका वर्षी अख्खी पेटी गेली, भरपाई एक रुपया नाही.

यॉर्कफिरस्ता: गोडाऊनचं कॅथेड्रलला कशाला लावताय? आणि काच वाहते हे आम्हाला शाळेत सरांनी शिकवलंय, फिजिक्सचे गोल्ड मेडलिस्ट होते.

खिडकीवाली: हेच ते! माझ्या मुलीने पेपरात काच घन आहे लिहिलं म्हणून मार्क कापले, भेटायला गेले तर मलाच ऐकवलं. किती वर्षं हेच शिकवणार?

यॉर्कफिरस्ता: माझ्या सरांवर जायचं काम नाही. त्यांच्यामुळे मी इंजिनिअर झालो.

राखुंडी: सरांवर कोण गेलंय? लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमधल्या काचेसारखी काच बनवून मोजलंय, साध्या तापमानाला अब्ज वर्षांत जेमतेम एक नॅनोमीटर. तेव्हा काच फुंकूनच बनवायचे, जाडी सगळीकडे सारखी यायचीच नाही. जाड बाजू वर बसवलेले तुकडेही आहेत, मग ते काय वर वाहिले?

खिडकीवाली: हे प्रिंट काढून शाळेत नेते.

यॉर्कफिरस्ता: बरं बाई, वाहत नाही. पण धूर? काचेवर जिप्समचा थर सापडतो, त्यातलं सल्फर काय राखेतून आलं?

राखुंडी: नाही, ते हवेतूनच. धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने काचेवर जिप्सम, सिंजेनाइट असे सल्फेट क्षार धरतात आणि झीज वाढते, हे मान्य. पण त्याच मिन्स्टरमधल्या १२व्या शतकातल्या काही निळ्या काचांत पोटॅशऐवजी सोडा सापडलाय. त्या अजून चांगल्या आहेत, आणि त्याच काळातल्या पोटॅशच्या काचा खड्ड्यांनी भरल्यात. हवा तीच, पाऊस तोच, धूरही तोच.

यॉर्कफिरस्ता: निळ्याचं माहीत नव्हतं. पक्की हा शब्द मागे घेतो. धुराचा मुद्दा अर्धा तरी माझाच राहिला.

काचवाला_सांगली: आणि कागदाचा माझा.