सीएनआय सोडून कॅथलिक व्हावं, फेलोशिपला जावं, की आहे तिथेच राहावं?

वाघोलीकर

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे (सीएनआय). नवराबायको दोघांचा बाप्तिस्मा लहानपणीचा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, विश्वास पक्का करण्याचा विधी) झालेलं, लग्नही मंडळीतच, म्हणजे आपल्या चर्चमध्येच, लागलेलं. नोकरीमुळे आता वाघोलीला राहतो. मराठी उपासनेसाठी शहरात जायचं म्हणजे रविवारचा अर्धा दिवस जातो, आणि आई (७४) तर बसमध्ये चढूच शकत नाही. चालत जाता येईल अशा अंतरावर दोन जागा आहेत. एक कॅथलिक चर्च, आणि दुसरी एका इमारतीच्या तळमजल्यावर भरणारी फेलोशिप, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनागट. फेलोशिपची माणसं फार आपुलकीची आहेत, पण "लहानपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत, पुन्हा घ्या" असं सांगतात. मुलगा १० वर्षांचा आहे.

पंथ बदलायचाच झाला तर नेमकं काय काय करावं लागतं? कागदपत्रं कोणती? सरकारदरबारी काही बदलतं का? आईचा प्रश्न एकच आहे : "मग मला पुरणार कुठे?"

खजिनदार

आधी एक गाठ सोडवून घ्या. मंडळी बदलणं वेगळं आणि पंथ बदलणं वेगळं. तुमची अडचण अंतराची दिसते, श्रद्धेची नाही. अंतरासाठी पंथ बदलू नये. तो बदल निभावताना रोज लागणारं कारण अंतरापेक्षा मोठं असावं लागतं.

सीएनआयच्या आतच हलायचं असेल तर काम एका पत्राचं आहे. गावच्या मंडळीच्या पाळकांकडून (धर्मगुरूंकडून) सभासदत्वाचं बदलीपत्र आणा. त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरणाची तारीख, आणि "प्रभुभोजनात भाग घेणारे, चांगल्या स्थितीतले सभासद" अशा अर्थाचं वाक्य हवं (प्रभुभोजन म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षरसाचा विधी). हे वाक्य नसलं तर नवे पाळक पुन्हा पत्र लिहून विचारतात आणि त्यात दोन महिने जातात. वर्गणी थकलेली असेल तर पंच मंडळी पत्र अडवतात, तेव्हा ती आधी चुकती करून पावती हातात ठेवा.

लोक नेहमी करतात ती चूक म्हणजे पत्र न घेताच दुसरीकडे बसायला लागणं. गावच्या यादीतून नाव गळतं, शहरातल्या यादीत चढत नाही, आणि हे मुलाच्या लग्नाच्या वेळी कळतं.

शहरातल्या पाळकांना हेही विचारा की तुमच्या भागात घरगुती उपासना सुरू होईल का. पाच-सहा कुटुंबं जमली तर महिन्यातून एकदा पाळक येऊ शकतात. पण मागणी लेखी आणि नावांच्या यादीसह असू द्या. तोंडी बोललेलं मीटिंगच्या वहीत चढत नाही. आईंसाठी तर आजच सांगून ठेवा. आजारी आणि वयस्कर सभासदांना घरी जाऊन प्रभुभोजन देणं हे पाळकाचं नेहमीचं काम आहे, उपकार नव्हे.

आणखी एक वाट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. सीएनआय, चर्च ऑफ साउथ इंडिया आणि मार थोमा या तिघांचा एकमेकांशी पूर्ण सहभाग आहे. यांपैकी कोणाचं चर्च जवळ असेल तर नाव न बदलता तिथे प्रभुभोजन घेता येतं. भाषा मात्र इंग्रजी, तमिळ किंवा मल्याळम असेल.

सरकारदरबारी काहीच बदलत नाही. कागदावर तुम्ही ख्रिस्तीच राहता. एका ख्रिस्ती पंथातून दुसऱ्यात जाणं म्हणजे धर्म बदलणं नव्हे, त्याला राजपत्र लागत नाही. वारसाहक्काला सगळ्या पंथांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदाच लागतो.

निर्मळकर

कॅथलिक बाजू सांगतो. वसईकडे या कामाची सवय आहे, कारण मिश्र लग्नांमुळे दर वर्षी कोणी ना कोणी येतंच.

पहिली गोष्ट, तुमचा बाप्तिस्मा पुन्हा होणार नाही. सीएनआयमध्ये पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा होतो, तो कॅथलिक चर्च मानतं. सशर्त बाप्तिस्मा ("आधी झाला नसेल तर" अशी अट घालून) देतात तो खरी शंका असेल तरच. कुठल्या फादरांनी घाईत "पुन्हा करून टाकू" म्हटलं, तर नम्रपणे बाप्तिस्म्याचा दाखला पुढे करा.

क्रम साधारण असा. धर्मग्रामाच्या (त्या भागातल्या चर्चच्या) फादरांना भेटायचं, दाखले द्यायचे, मग शिकवणीचे वर्ग. मुदत ठरलेली नाही. ज्याला शास्त्र आणि उपासना आधीपासून माहीत आहे त्याला बाप्तिस्मा न झालेल्या माणसाइतका वेळ लागू नये. ईस्टरच्या रात्रीपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही, वर्षात कधीही स्वीकारता येतं. त्याआधी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. मग मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) नायसीन विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचं ठरलेलं निवेदन, म्हणायचा आणि त्याला जोडून एक वाक्य : पवित्र कॅथलिक चर्च जे जे देवाने प्रकट केलेलं म्हणून मानतं, शिकवतं आणि जाहीर करतं ते सगळं मी मानतो. लगेच दृढीकरण, आणि त्याच मिस्सेत पहिलं कम्युनियन (प्रभुभोजन). सीएनआयचं दृढीकरण इथे धरलं जात नाही, ते नव्याने होतं. ते द्यायला बिशपच हवेत असं नाही, तुम्हाला स्वीकारणाऱ्या फादरांना तो अधिकार असतो.

ते वाक्य घरी चार वेळा मोठ्याने वाचून बघा. पोप, मरियेची भक्ती, संतांची मध्यस्थी, सात संस्कार, कन्फेशन, गर्भनिरोधाबद्दलची शिकवण, सगळं त्यात आलं. "बाकी पटतं, एवढं सोडून" असं म्हणायची सोय त्यात नाही. ज्यांना ते म्हणवत नाही त्यांनी खुशाल मिस्सेला यावं, गाणी म्हणावीत, मुलाला आणावं. कम्युनियन तेवढं घेऊ नये. त्यासाठी कोणी बाहेर काढत नाही.

तुमचं लग्न पुन्हा लावावं लागणार नाही. दोन बाप्तिस्मा झालेल्या प्रॉटेस्टंटांचं लग्न कॅथलिक चर्च वैध मानतं. घोडं अडतं ते दोघांपैकी कोणाचा आधी घटस्फोट झाला असेल तर. कोर्टाचा हुकूमनामा इथे पुरत नाही, पहिल्या लग्नाची चौकशी धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, न्यायालयात होते आणि तिला वेळ लागतो. असं काही असेल तर पहिल्याच भेटीत सांगावं. वर्ग संपत आल्यावर सांगितलं की सगळं थांबतं आणि मनं दुखावतात.

मुलगा सातच्या पुढचा आहे, तेव्हा त्याला समजावून, त्याच्या मर्जीने. त्याचाही बाप्तिस्मा धरला जाईल. कन्फेशन आणि पहिल्या कम्युनियनची तयारी त्याच्या वयाच्या मुलांबरोबर धर्मशिक्षणाच्या वर्गात होईल.

हौद_आणि_पाणी

फेलोशिपबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. नावं ठेवायची नाहीत. अनेक शहरी मराठी कुटुंबांना पहिला मायेचा शब्द तिथेच मिळतो हे खरं आहे. पण आपुलकी आणि व्यवस्था या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. दुसरी तपासून घ्यावी.

पुन्हा बाप्तिस्म्याचं आधी. त्यांच्या दृष्टीने तो "पुन्हा" नसतोच. स्वतः विश्वास ठेवल्यावर पाण्यात बुडून घेतलेला तोच एक बाप्तिस्मा, बाळपणीचा नुसता विधी. सीएनआयची भूमिका उलट आहे. १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन ते बनलं, त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते तसे मोठेपणीच देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते, म्हणून दोन्ही पद्धती ठेवल्या. पण एकाच माणसाला दोनदा नाही. तुम्ही फेलोशिपमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांनी परत आलात तर दार बंद होत नाही, मात्र पाळक त्यावर बोलणार. आणि नेमके कोणते शब्द म्हणतात ते आधी विचारा. काही गट फक्त "येशूच्या नावाने" बाप्तिस्मा देतात. तो कॅथलिक चर्च धरत नाही. पुढे मुलाने कॅथलिक मुलगी पसंत केली की हा प्रश्न उभा राहतो.

दुसरं, लग्न लावायचा परवाना. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे बिशपांकडून दीक्षित झालेले धर्मगुरू आपल्या चर्चच्या नियमांनुसार लग्न लावू शकतात. स्वतंत्र पास्टरांना सरकारी परवाना लागतो. परवान्याची प्रत दाखवा म्हणायला लाजू नका. अधिकार नसताना लग्न लावणं हा त्या कायद्याच्या कलम ६८ खाली गुन्हा आहे, आणि नवराबायकोच्या हाती उरतं ते पासपोर्ट कचेरीत न चालणारं रंगीत सर्टिफिकेट. परवाना नसेल तर आधी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन नोंदणी करावी, आशीर्वाद मग हवा तिथे घ्यावा.

तिसरं, पैसा. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) द्या, पण पावती कोणाच्या नावाची मिळते ते बघा. ट्रस्ट असेल तर त्याला धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक असतो आणि हिशेब दर वर्षी द्यावे लागतात. खातं पास्टरांच्या स्वतःच्या नावावर असेल तर मला पुढचं काही विचारायची गरज वाटत नाही.

जाता जाता : पाहुण्यांत कोणी मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) असेल तर हे सगळं त्यांना लागू होत नाही. मुक्तिफौजेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोन्ही नाहीत, बाळाचं समर्पण असतं. नगरकडे अशी घरं पुष्कळ. ती मंडळी सीएनआयमध्ये किंवा कॅथलिकांत येतात तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा पहिल्यांदाच होतो आणि दाखल्याचा शोध व्यर्थ ठरतो.

मंजुळा_स

सगळ्यांनी कागद सांगितले, स्वागताचं राहिलं. पहिल्या रविवारचं स्वागत धरू नका, ते सगळीकडे छान असतं. सहा रविवार जा. त्यांत एक रविवार उशिरा पोचा, एक रविवार आईंना घेऊन जा, एकदा मुलगा कंटाळून चुळबूळ करत असताना. आणि एकदा मधल्या वारी घरोघरी होणाऱ्या प्रार्थनेला.

उपासना सुटल्यावरची दहा मिनिटं नीट बघा. चहाचा कप हातात देऊन माणसं काय विचारतात? "कुठे राहता, येता कसे" विचारलं तर ती सोय बघताहेत. "आडनाव काय? मूळ गाव कुठलं? पाहुणे कोण?" हे तीन प्रश्न याच क्रमाने आले तर ते काय शोधताहेत हे नगरच्या माणसाला सांगायला नको. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपल्याकडची जात सगळीकडे धुऊन निघालेली नाही. सहाव्या रविवारीही तुमच्याशी फक्त पाळकच बोलत असतील तर ती मंडळी तुमची होणं अवघड आहे.

पाळकांना हेही विचारा की गेल्या वर्षी दवाखान्यात किती जणांना भेटायला गेलात. उत्तरापेक्षा ते देताना लागणारा वेळ बोलका असतो.

आणि गाणी! ना. वा. टिळकांची भजनं ज्यांच्या तोंडी आहेत त्यांना नुसत्या हिंदी-इंग्रजी कोरसवर वर्षभर राहता येत नाही. हे किरकोळ वाटतं. आईंना विचारा, किरकोळ आहे का.

वाघोलीकर

मनापासून आभार. घटस्फोट वगैरे काही नाही. पण बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा घोळ आहे. माझं बाप्तिस्म्याचं नाव योहान, आधारवर सुनील. आणि आईच्या वेळचं रजिस्टर वाळवीने खाल्लंय म्हणतात. आईच्या मातीचंही सांगा.

खजिनदार

रजिस्टरमध्ये खाडाखोड कोणी करून देऊ म्हटलं तर नको म्हणा, मूळ नोंद तशीच राहू द्या. दाखल्यावर नोंद क्रमांक, पान, तारीख, आईवडिलांची नावं आणि बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव एवढं असलं की आईवडिलांच्या नावांवरून माणूस जुळतो. सोबत "योहान आणि सुनील ही एकाच व्यक्तीची नावं" असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, मुलाच्या वेळीही कामी येईल.

निर्मळकर

रजिस्टर नसलं तरी कॅथलिक चर्चमध्ये अडत नाही. ज्याचा यात काही स्वार्थ नाही असा एक साक्षीदार पुरतो. मोठेपणी बाप्तिस्मा झाला असेल तर स्वतःची शपथही चालते. आईंचा लहानपणीचा असेल तर गावातलं कोणी वडीलधारं हयात आहे तोवर लेखी घेऊन ठेवा.

पण आईंनी बदलायची गरजच काय? सभासदत्व घराचं नसतं, प्रत्येकाचं वेगळं असतं. तुम्ही कॅथलिक झालात तरी त्या सीएनआयच्या राहू शकतात. त्यांचे पाळक मिळालेच नाहीत आणि त्यांची स्वतःची हरकत नसेल, तर बिशपांच्या परवानगीने कॅथलिक विधीही करता येतो.

हौद_आणि_पाणी

फेलोशिपमध्ये गेलात तर मात्र पुरण्याच्या जागेचा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. बहुतेकांची स्वतःची दफनभूमी नसते आणि दुःखाच्या दिवशी दुसऱ्यांच्या कमिटीकडे धावावं लागतं.

खजिनदार

दफनभूमी कोणाच्या ताब्यात आहे ते जागेवर जाऊन विचारा : एका चर्चच्या, अनेक चर्चच्या मिळून कमिटीच्या, की महापालिकेच्या. तिथे तीन गोष्टी विचारायच्या. सभासद नसलेल्यांना जागा मिळते का, शुल्क किती, आणि घरच्यांची कबर असेल तर ती किती वर्षांनी पुन्हा उघडतात. आईंचं नाव गावच्या यादीत अजून असेल आणि वडील तिथे असतील, तर त्यांचं नाव तिथून हलवू नका. वर्गणी त्यांच्या नावाने वेगळी भरत राहा. पावतीवर तुमचं नको, त्यांचं नाव येऊ द्या.