फोन ‘सात’चं ‘साठ’ लिहिते, काय करावं?

आर्णीकडचा पऱ्हाटीवाला
माझ्या उजव्या हाताची तीन बोटं थ्रेशरमध्ये गेली, तेव्हापासून टाइप करणं जमत नाही. लहान भावाले जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून आवाजाचा मेसेज धाडून उपयोग नाही. तो वावरात, मी घरी नाहीतर बाजारात. मी माइकवर बोलतो, फोन लिहिते, तो वाचते. दोन वर्षांपासून आमची शेती याच्यावर चालू आहे, म्हणून या सोयीले नावं ठेवायले आलो नाही.

शब्द चुकतात त्याचं फार वाटत नाही. ‘पऱ्हाटी’चं ‘पराठे’ येते, ‘धुऱ्यावर ये’चं ‘दुरावर ये’ होते, ‘येऊन रायलो’चं तर दरवेळी नवीनच काही. भाऊ ओळखून घेते. पण आकडा चुकला तर कशावरून ओळखावं? मागच्या आठवड्यात तुडतुड्याचं औषध पंधरा लिटरच्या पंपाले सात मिली सांगितलं, फोननं लिहिलं 60 मिली. वाक्य अगदी बरोबर दिसते. शेजारच्या पोरानं डब्बीवरचं वाचलं म्हणून वाचलो. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते दिवस आम्ही पाहिले आहेत. मले त्या रात्री झोप लागली नाही.

हे पुतणी लिहून देऊन रायली. आकडे दोनदा वाचून घेतले. कोणाले उपाय माहीत असेल तर सांगा.

कृषी केंद्र, दारव्हा
भाऊ, औषधाचा आकडा एकटा सांगूच नका. ‘पाच अन् दोन, सात’ म्हणा. फोननं एखादा आकडा चुकवला तर बेरीज जमणार नाही आणि भाऊ थांबेल. सात आणि साठ फोनवर माणसालेही सारखेच ऐकू येतात. गिऱ्हाइकाले सांगताना मी ‘साठ, सहावर शून्य’ असंच म्हणतो. अन् मापावर पक्क्या मार्करनं रेघ मारून ठेवा.

पुसदची शिक्षिका
काका, बोलण्याआधी कीबोर्ड मराठीच आहे ना, ते बघा. जीबोर्डमध्ये इंग्रजी किंवा हिंदी लागलेलं असेल तर तो त्याच भाषेचे शब्द शोधत बसतो. स्पेसची पट्टी दाबून धरली की भाषा बदलता येते. धुऱ्यावर वारा असतो, पंपाचा आवाज असतो. शब्दाच्या शेवटचा त की ठ, तिथेच हरवतो. फोन तोंडाजवळ धरा, आकड्याआधी क्षणभर थांबा.

गूगलच्या आवाजी टायपिंगमध्ये मराठी आली 2017 मध्ये, आणखी सात भारतीय भाषांसोबत. अशी यंत्रं माणसांचे आवाज ऐकून शिकतात. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ त्यांच्या कानावर कमी पडलं, म्हणून आपलं बोलणं त्यांना नवखं वाटतं. माझ्या वर्गातली मुलं शाळेतलं मराठी बोलली की नीट उमटतं, घरचं बोलली की मोडतं. मला याचं वाईट वाटतं. मुलांना वाटतं, चूक आपल्या बोलण्यात आहे. यंत्रांना शिकवायला लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या साइटवर मराठीत कोणीही आपला आवाज देऊ शकतं. आपल्याकडच्या लोकांनी तो द्यायला हवा.

वरूडची सून
आमच्याकडे मजुरीचा हिशेब असाच जातो. ‘अडीचशे’ बरोबर येते, ‘साडेतीन’चे मात्र कधी कधी नुसते 3 येतात. पैशाचा मेसेज मी वाचल्याशिवाय धाडत नाही.

आर्णीकडचा पऱ्हाटीवाला
सगळ्यांचे आभार. कीबोर्ड खरंच हिंदीवर गेला होता, पुतणीनं मराठी करून दिला. काल वाऱ्यात उभं राहून मुद्दाम बोललो, ‘पाच अन् दोन, सात मिली’. फोननं ‘5 अन् 2 साठ मिली’ लिहिलं, अन् भाऊ थांबते का ते पाहायले मी तसंच धाडलं, पण पंप भरायच्या आधी मी बांधावरच उभा होतो. भावानं डब्बी खाली ठेवली. मग वावरातून फोटो आला: मापात औषध सातच्या रेघेवर, अन् खाली एक प्रश्नचिन्ह.