पॉट फीडबॅकमध्ये नको, इनपुटला लावा

वरच्या एका पोस्टमध्ये सिग्नल लहान-मोठा करण्यासाठी एडी९८३३ (साइन, स्क्वेअर असे सिग्नल तयार करणारी चिप) च्या मॉड्यूलला एलएम३५८ हा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) जोडून त्याच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत, पॉट (बदलता रेझिस्टर) टाका असं सुचवलंय, ते मला पटत नाही. त्या चिपचा साइन आउटपुट जेमतेम ०.६ व्होल्ट पीक टू पीक, तो १० व्होल्ट करायचा म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) १६-१७ लागणार, आणि एलएम३५८ चा स्लू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदच्या आसपास, त्यामुळे १० किलोहर्ट्झच्या वर गेलं की स्कोपवर साइनचे उतार सरळ व्हायला लागतात आणि फ्रिक्वेन्सी अजून वाढवली की चक्क त्रिकोण दिसतो. त्याऐवजी टीएल०७२ हा जास्त वेगवान ऑप-अँप घ्या, सप्लाय प्लस-मायनस १२ व्होल्ट. गेन फिक्स ठेवा आणि पॉट ऑप-अँपच्या आधी लावा, म्हणजे बँडविड्थ (किती फ्रिक्वेन्सीपर्यंत नीट चालतं ती मर्यादा) पॉटच्या सेटिंगप्रमाणे बदलत नाही, आणि पॉट जुना होऊन मधल्या पायाचा काँटॅक्ट सुटला तरी, ऑप-अँपच्या इनपुटवरून ग्राउंडला एक रेझिस्टर असेल तर, आउटपुट रेलला (सप्लायच्या टोकाच्या व्होल्टेजला) जाऊन चिकटत नाही.

अजून एक, जे इथे कुणीच लिहिलं नाही. साइनवर साधारण ०.३ व्होल्टचा डीसी (न बदलणारा व्होल्टेज) बसलेला असतो, तोही १६ पट होतो, म्हणून पॉटच्या आधी कपॅसिटर हवाच. आणि स्क्वेअर मोडला हीच चिप थेट सप्लायइतका, म्हणजे ३.३ किंवा ५ व्होल्टचा आउटपुट देते! पॉट फुल ठेवून साइनवरून स्क्वेअरला गेलात तर पुढच्या सर्किटला एकदम रेल टू रेल झटका बसतो. मी स्क्वेअरसाठी वेगळा रेझिस्टर डिव्हायडर आणि टॉगल स्विच लावलाय, तो खरंच लावा.