शब्दचर्चा : 'पाश्चात्त्येतर' आणि 'उदासीन'

परभणी :
नमस्कार. एम.ए. राज्यशास्त्राला आहे, सोबत सेटची तयारी चालू आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरला युरोप-अमेरिकेबाहेरच्या विचारांवर एक घटक आहे. एका पुस्तकात त्याला 'पाश्चात्त्येतर दृष्टिकोन' म्हटलंय, दुसऱ्यात 'अपाश्चात्त्य', नोट्समध्ये 'गैरपाश्चात्त्य'. कोणता शब्द लिहावा? दुसरं असं, की कौटिल्याच्या मंडल सिद्धांतातल्या (राजांच्या वर्तुळाची मांडणी) 'उदासीन' राजाचा अर्थ नोट्समध्ये 'तटस्थ राष्ट्र' दिलाय. तो बरोबर आहे का?

नांदेड :
पहिला प्रश्न सोपा. 'गैर' सोडून द्या. गैरहजर, गैरव्यवहार, गैरसमज हे शब्द कानात इतके बसलेत, की ऐकणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. 'अ' लावला की 'अशास्त्रीय'सारखा उणेपणाचा सूर लागतो. 'इतर' कुणाचं उणं काढत नाही. कॉलेजात आपण 'शिक्षकेतर कर्मचारी' म्हणतोच की. म्हणून 'पाश्चात्त्येतर', आणि त्यात 'त' दोनदा.

पण हा शब्द फक्त घटकाच्या मथळ्यापुरता ठेवा. या विषयाचं पहिलं अध्यासन १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथला सुरू झालं, पहिल्या महायुद्धाच्या राखेतून. प्रश्न युरोपचे होते, उत्तरंही तिथलीच आली. पश्चिमेबाहेर सिद्धांत का दिसत नाही, हा प्रश्न अमिताव आचार्य आणि बॅरी बुझान या अभ्यासकांनी २००७ साली थेट विचारला. त्यानंतर लोक कौटिल्य, अरब इतिहासकार इब्न खल्दून, चिनी 'तियानशिया' (आभाळाखालचं सगळं) असं सगळं एकाच टोपलीत भरू लागले. ते मला पटत नाही. कौटिल्य अनेक राजांची स्पर्धा गृहीत धरून चालतो. चिनी तत्त्वज्ञ झाओ तिंगयांग यांची तियानशिया आभाळाखालच्या अख्ख्या जगापासून सुरू होते, तिथं 'बाहेरचा' कुणी नसतोच. दोघं पश्चिमेचे नाहीत, एवढ्यावर त्यांचं गोत्र जुळत नाही. उत्तरपत्रिकेत ज्याचं नाव त्याला द्या.

आता 'उदासीन'. नोट्समधला अर्थ चुकीचाच आहे. बारा राजांचं मंडल डोळ्यांपुढं आणा. मधोमध विजिगीषु, म्हणजे जिंकू पाहणारा. समोर अरि म्हणजे शत्रू, मित्र, अरिमित्र, मित्रमित्र, अरिमित्रमित्र. पाठीमागं पार्ष्णिग्राह, आक्रंद (मागचा मित्र) आणि त्या दोघांचे आसार, म्हणजे त्यांचे पाठीराखे. उरले दोन, मध्यम (अरि आणि विजिगीषु दोघांच्या सीमेला लागून असलेला बलवान राजा) आणि उदासीन. पार्ष्णि म्हणजे टाच. तुम्ही समोर लढायला निघालात की मागून टाच धरतो तो पार्ष्णिग्राह. आपल्या दख्खनच्या इतिहासात हे पदोपदी दिसतं. खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरला उत्तरेकडून मोगल आणि दक्षिणेकडून विजापूर, असा दोन्हीकडून पेच होता. १६२४ साली भातवडीला त्यानं दोघांच्या एकत्र फौजेला हरवलं.

या मंडलात उदासीन म्हणजे अरि, विजिगीषु आणि मध्यम या तिघांच्या पलीकडचा, त्यांच्याहून बलवान. ते एकत्र असोत की वेगळे, त्यांना साहाय्य करायला समर्थ, आणि वेगवेगळे असतील तर त्यांचा निग्रह करायलाही समर्थ. म्हणजे सगळ्या मंडलात सर्वांत जड पारडं त्याचं! तटस्थ राष्ट्र दुबळंही असू शकतं, उदासीन असूच शकत नाही. 'उदासीन' वाचून स्वित्झर्लंड आठवत असेल तर सिद्धांतच हातून निसटला.

एक आणखी. कौटिल्याला 'भारताचा मॅकियाव्हेली' लिहू नका. मॅकियाव्हेली हा इटलीतला राजकीय विचारवंत, सोळाव्या शतकातला. कौटिल्याचा 'अर्थशास्त्र' हा ग्रंथ त्याच्या कितीतरी आधीचा. मोठं माप तिकडचं धरून आपल्या माणसाला त्यात कोंबायचं, ही सवय आधी मोडली पाहिजे.

लातूर :
सरांच्या म्हणण्याला संस्कृतच्या बाजूनं पुरवणी. गीतेच्या सहाव्या अध्यायातला नववा श्लोक काढून बघा. सुहृद, मित्र, अरि, उदासीन, मध्यस्थ, द्वेष्य, बंधू, सगळे एका ओळीत. राजनीतीतले शब्द तिथं मनाच्या समत्वासाठी आलेत. पुढं मराठीत 'उदासीन' विरक्त झाला, मग खिन्न झाला. 'शासन शेतकऱ्यांबाबत उदासीन' असं वर्तमानपत्र लिहितं, तेव्हा त्यातली ताकद पूर्ण गेलेली असते.

परभणी :
मग नेहरूंचं धोरण उदासीन, तटस्थ की अलिप्त?

नांदेड :
अलिप्त. तटस्थता ही युद्धाच्या वेळची कायदेशीर स्थिती आहे. आपण कुठल्या गटाला चिकटणार नाही, पण प्रत्येक प्रश्नावर मत देऊ, ही नेहरूंची भूमिका होती. 'तटस्थ' हे वर्णन त्यांना मान्य नव्हतं. बांडुंगला १९५५ साली आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले, १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त देशांची पहिली शिखर परिषद झाली. यातले बरेच देश लष्करी बळात तोकडे होते, म्हणून कौटिल्याचा 'उदासीन' त्यांना लागूच पडत नाही. अलिप्ततेला नुसतं धोरण न म्हणता पाश्चात्त्येतर सिद्धांताचा ऐवज म्हणून वाचावं, असं माझं ठाम मत आहे.

हिंगोली :
एक शब्द माझाही. आमच्या घरी म्हातारी माणसं अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात, 'पोलीस ॲक्शन झालं तवा' असं. निजामाशी भारत सरकारचा २९ नोव्हेंबर १९४७ ला 'जैसे थे करार' झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाच्या सरकारनं सुरक्षा परिषदेकडं तक्रार नेली. १३ सप्टेंबरला फौज आत आली, १७ ला शरणागती. फौज रणगाड्यांसह आली, तरी नाव 'पोलीस'. कारण युद्ध दोन राज्यांत होतं आणि हैदराबाद वेगळं राज्य आहे हेच भारताला मान्य नव्हतं. सार्वभौम कोण, हा या विषयाचा मूळ प्रश्न आपल्या आजी-आजोबांच्या अंगणात येऊन गेलाय. त्याचं उदाहरण द्यायला युरोपातल्या १६४८ च्या वेस्टफालिया तहापर्यंत जायची गरज नाही.

परभणी :
हे लिहून घेतलं, दादा. शेवटचं, 'मंडल' की 'मंडळ'?

नांदेड :
'मंडल'च लिहा. 'मंडळ' म्हटलं की परीक्षकाला महसूल मंडळ नाहीतर गणेश मंडळ दिसणार. आणि आकृती काढाल तेव्हा विजिगीषुच्या जागी भारत लिहू नका. कौटिल्यानं ती जागा कुठल्याही एका देशाला दिलेली नाही. शेजाऱ्याच्या आकृतीत अरि आपण असतो.