क्लच रिलीज बेअरिंग: नुसतं तेवढंच बदलू की आणखी काही?

चिखलफेरी:
जुनी फोर बाय फोर आहे, डिझेल, हायड्रॉलिक क्लच. पेडल दाबलं की घरघर, सोडलं की गप्प. क्लचची प्लेट अजून घसरत नाही, म्हणून फक्त रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटवर रेटून क्लच सोडवतं ते) टाकावं म्हणतोय. सोबत काय मागवून ठेवू?

नटबोल्ट:
आधी आवाज नीट ऐका. पेडलवर पाय जरासा टेकताच सुरू होतो का? मग रिलीज बेअरिंगच. न्यूट्रलला पाय काढल्यावर येतो आणि दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. गाडी उभी, गिअर टाकलेला, पेडल पूर्ण खाली आणि तेव्हाच कुईकुई, तर पायलट बेअरिंगवर (इंजिनच्या बाजूला गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरतं ते) संशय घ्या.

चिखलफेरी:
पाय टेकताच सुरू.

नटबोल्ट:
तरी नुसतं बेअरिंग टाकू नका. चाकांकडे जाणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडून ट्रान्सफर केससकट (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सचं धूड खाली घेणार, तर प्लेट, प्रेशर प्लेट, पायलट, फोर्कच्या (बेअरिंग ढकलणारा दांडा) क्लिपा आणि इनपुट शाफ्टचं ऑइल सील आत्ताच घाला. आणि फोर्क! मी सगळं नवं टाकलं, फोर्क मात्र फडक्याने पुसून तोच बसवला. फोर्क ज्यावर झुलतो तो पिव्होटचा गोळा बसतो ती वाटी झिजून पत्र्यासारखी पातळ झालेली, दिसत होती तरी. काही महिन्यांत गोळा आरपार, पेडल जमिनीला टेकलेलं, आणि मी परत गाडीखाली.

तेलकटहात:
बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिच्यावर नख फिरवा. खाच लागली तर नवं बेअरिंगही अडकतच सरकणार. नवं बेअरिंग पेट्रोलने धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. शाफ्टच्या दात्यांवर (स्प्लाइन) ग्रीसचा पुसट हात पुरे, जास्तीचं उडून प्लेटवर जातं.

चिखलफेरी:
आम्ही दोघं आहोत. गिअरबॉक्स हातानेच चढवला तर?

नटबोल्ट:
अजिबात नको. शाफ्ट प्लेटमध्ये शिरलेला असताना वजन लोंबकळलं की प्लेटचा मधला भाग वाकतो, मग क्लच धड सुटत नाही. गिअरबॉक्सचा जॅक मिळवा, प्लेट मध्यावर धरायला अलाइनमेंट टूल घ्या. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (जोडाची चकती) खुणा करून मगच बोल्ट सोडा. स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने फोर्क ढकलतो तो) बाहेरच्या बाजूला असेल तर पाइप न सोडता बांधून ठेवा. तोवर पेडलला कुणी पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर येईल.

चिखलफेरी:
फोर्कवरचं रबरी आवरण (बूट) सरकवून टॉर्च मारला. एका बाजूची क्लिप जागेवरच नाही. फोर्कही मागवतो.