मदत हवी आहे: भाच्याला परराज्यात 'अवे कॉर्नर'ची लढत आलीय, घेऊ द्यावी का?

नमस्कार मंडळी,

मी म्हापशाचा. माझा भाचा व्यावसायिक बॉक्सिंग खेळतो. तीन लढती झाल्या, तिन्ही जिंकल्या, सगळ्या चार राउंडच्या. त्याचे वडील नाहीत, म्हणून सह्यांचे कागद माझ्याकडे येतात. या धंद्यातलं किंवा करारातलं कळणारं कुणी असेल तर कृपया वेळ काढा. शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचंय.

मॅचमेकरचा (लढती जुळवून देणाऱ्याचा) व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आलाय: "69.8 किलो, सहा राउंड, बारा दिवसांनी, पर्स सगळं धरून." पर्स म्हणजे लढतीचं मानधन. लढत परराज्यात आणि समोरचा मुलगा त्याच शहरातला, म्हणून आमचा 'अवे कॉर्नर', म्हणजे पाहुण्याची बाजू. आमचा लढतो वेल्टरवेटला, म्हणजे 66.7 पर्यंत. तो खूश आहे, "मामा, वजन उतरवायचा त्रास नाही!" माझी भीती नेमकी तिथेच आहे. वजन आदल्या दिवशी होतं. समोरचा मोठ्या हाडाचा असला तर पाणी तोडून 69.8 ला बसेल, रात्रभरात भरून येईल आणि रिंगमध्ये आमच्यापेक्षा कितीतरी जड असेल. शिवाय सहा राउंड हा कधी खेळलेला नाही.

बॉक्सरेक या बॉक्सरांचे रेकॉर्ड देणाऱ्या वेबसाइटवर त्या मुलाचा रेकॉर्ड पाहिला. एकही हार नाही, पण हरवलेल्यांपैकी बहुतेकांच्या नावावर जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त. असंच असतं म्हणे. शो भरवणाऱ्या प्रमोटरचा पैसा घरच्या मुलावर लागलेला असतो, तिकिटं त्याच्या नावावर खपतात. इंग्लंडमधल्या छोट्या शोमध्ये तर घरच्या बॉक्सरने तिकिटं विकायची आणि त्यातूनच समोरच्याची पर्स निघायची अशी पद्धत आहे. त्यामुळे समोर असा गडी हवा असतो जो राउंड काढेल, पण धक्का देणार नाही. आमच्याकडे त्याच नजरेने बघितलंय का, एवढंच मला समजून घ्यायचंय. 22 वर्षांच्या पोराच्या रेकॉर्डवर अशी एक हार लागली की पुढची बोलावणीही त्याच भावाने येतात.

भाचा मला मांडवीतल्या लढतीचं उदाहरण देतो. मार्च 2021 मध्ये पणजीला मॅजेस्टिक प्राइड कॅसिनो जहाजाच्या डेकवर विजेंदर सिंग सलग बारा विजयांनंतर पहिल्यांदा हरला. रशियाचा अर्तिश लोप्सान पाहुणा म्हणून आला आणि पाचव्या राउंडमध्ये लढत संपवून गेला. खरं आहे, पाहुणाही जिंकतो. पण लोप्सान उंचीने विजेंदरपेक्षा बराच जास्त होता. आमच्या पोराकडे अंगाची तशी कुठली जमेची बाजू आहे?

आता कराराचं. ही लढत हवी असेल तर तीन वर्षांचा करारही करा म्हणतात. त्यात प्रमोटरच मॅनेजर आहे आणि पर्सचे 25 टक्के त्याचे. मॅनेजरचं काम प्रमोटरशी भांडून जास्त पर्स मिळवणं; दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसला तर भांडणार कोण? अमेरिकेत 2000 च्या मुहम्मद अली कायद्याने दहा किंवा जास्त राउंडच्या लढतींसाठी हे बंद केलं. आपल्याकडे असा कायदा नाही. दुखापतीचा काळ कराराच्या मुदतीत धरायचा नाही असंही एक कलम आहे. म्हणजे तीनाची चार वर्षंही होतील. वर्षाला किमान किती लढती देणार, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. ओळखीच्या वकिलांचं म्हणणं, करार संपल्यानंतरही दुसऱ्याकडे लढायची बंदी घातली तर ती 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे टिकत नाही, पण करार चालू असतानाची बंदी टिकू शकते.

मला विचारायचंय ते असं. 68 किलोचं कॅचवेट (दोघांनी आपसात ठरवलेलं वजन) आणि चार राउंड मागितले तर मॅचमेकर बोलणी करतात की सरळ दुसऱ्याला फोन लावतात? समोरचा वजनात बसला नाही तर त्याच्या पर्समधला वाटा आम्हाला मिळावा, हे लहान लढतीतही लिहून घेता येतं का? "सगळं धरून" म्हणजे प्रवास, हॉटेल, ट्रेनरचे 10 टक्के आणि रक्ताच्या तपासण्या सगळं त्यातूनच का? आणि करार न करता फक्त या एका लढतीपुरता कागद मागितला तर चालेल का?

आमच्या ट्रेनरना पोराला मोठ्या शोमध्ये पाहायचंय, त्यामुळे ते घे म्हणतात. कुणी अशा अवे लढती घेतल्या असतील, स्वतः किंवा घरातल्या मुलासाठी, तर इथे लिहा किंवा व्यनि करा. कराराचा मसुदा नावं झाकून पाठवू शकतो.